मालगाडी आणि मूठभर धान

नागभीड, जि. चंद्रपूर
१२ डिसेंबर २००७

प्रिय आचल,

अनेक आशीर्वाद. कशी आहेस माय? पलंगाचं पायाकडचं टोक उंच करून ठेवा असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, त्या विटा नीट बसल्या आहेत ना? डगमगत असतील तर भूपेशरावांना सांग, खाली गोणपाटाची घडी घाला. राईस मिलमध्ये माझं सगळं आयुष्य मशिनीखाली गोणपाट घालण्यातच गेलं, खात्रीचा उपाय आहे. भूपेशरावांचा खोकला गेला का? ऑफिसातली ती थंड हवा अंगावर घेऊ नका म्हणावं. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? मोहाच्या बियांचं तेल पाठवलं होतं ते लावतात, की वासापायी कपाटात ठेवून दिलं? वास वाईटच आहे, पण गुण येतो. बाळाची विचारपूस मी करत नाही. जन्माआधी पोटातल्या जीवाची चौकशी करू नये अशी तुझ्या आईची सक्त ताकीद आहे. तरी लाथा मारून तुझी झोप मोडत असेल तर तेवढं कळव, म्हणजे मी न विचारताच मला कळेल.

इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. मला नवा चष्मा लागला. त्यातून तुझी आई जरा जास्तच स्पष्ट दिसते, असं मी बोलून बसलो आणि दोन दिवस आंबील खाल्ली. तिची कंबर थंडीत धरते, पण बसून राहील तर ती कमळा कसली. धान निघाला, मळणीचं चुरणं झालं, कोठी भरली. यंदा पाखरांनी बरंच खाल्लं, पण त्यांचाही वाटा असतोच.

तू म्हणशील, फोन सोडून बाबांना पत्राची हौस कशाला आली. अगं, आपल्या घरातला फोन म्हणजे चावडी. मी 'हॅलो' म्हटलं की तुझी आई चुलीपासून उठून येते, कान माझ्या कानाला लावते, आणि 'काय म्हणते, काय म्हणते' करून मलाच काही ऐकू देत नाही. शिवाय दिवाळीपासून तुमचं मायलेकींचं बोलणं कसं झालं आहे ते मी पाहतो. 'जेवली का?' 'हो.' 'बरं.' संपलं. त्या दिवशी तू म्हणालीस, 'आई, तुला यायचं नसेल तर नको येऊस, पण मग रोज काय खाल्लं तेही विचारू नकोस.' ते मी ऐकलं, कारण त्या वेळी कान माझा होता तिच्या कानाला लावलेला. तिनं फोन ठेवला आणि सूप घेऊन निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली. म्हणून आज स्टेशनवरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. घरी सांगून आलो की माझ्या खेळण्यातल्या गाडीसाठी ब्रेकव्हॅनची, गार्डाच्या डब्याची, मापं घ्यायची राहिलीत.

तुझा राग मला कळत नाही असं नाही. तुला प्रवास बंद, पलंग सोडायचा नाही, म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणं नाही. आणि आईनं तिकडे यावं तर लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं, तिच्या गावचंसुद्धा, अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा नेम आडवा. दोन दिवसांची गोष्ट असती तर शिदोरीवर निभतं, पण तुझे दिवस भरेपर्यंत, माघापर्यंत, बाटलीतल्या पाण्यावर कोण कसं राहील? विहीणबाईंकडे यवतमाळला हा नेम कोणी धरत नाही, त्यामुळे त्यांनाही हे खूळच वाटत असणार. तुला वाटतं, आईला लेकीपेक्षा नेम मोठा. त्यावर मी आत्ताच काही बोलत नाही. आधी आपल्या रेल्वेची बातमी सांगतो. उगाच पाल्हाळ लावतो असं समजू नकोस, पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे.

तुझ्या खोलीत आता पूर्ण नागभीड जंक्शन उभं आहे. गुरांच्या जुन्या कोठ्याची दोन दारं आडवी टाकली, त्यावर स्टेशन, पाण्याची टाकी, चिंचेचं झाड, आणि पलीकडे नागपूरकडे जाणारी छोटी, नॅरोगेज लाईन. रूळ नेटवरच्या लिलावात कोलकात्याच्या एका माणसाकडून घेतले, नऊ मिलिमीटर रुंदीचे. आपली छोटी गाडी सत्त्याऐंशी पट लहान केली की तिचे रूळ जवळपास तेवढेच भरतात. हे मला कोणी शिकवलं नाही, मीच फूटपट्टी आणि भागाकार घेऊन बसलो होतो. इंजिनाला मोटर आपल्या मेलेल्या टेपरेकॉर्डरची. तुझ्या हळदीला जो वाजत होता तोच, आता ओढकाम करतो. आणि प्रवासी डबे कशाचे केले, ओळख? तुझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचे. कागद काय जाड होता! बाहेरून पिवळा-निळा रंग दिला, पण छत उचललं की आत 'चि. सौ. कां. आचल' असं सोनेरी छापलेलं दिसतं. ते डबे मी विकायला काढत नाही. विकतो त्या नुसत्या मालगाडीच्या वॅगन, सागवानाच्या चिपाट्यांच्या.

मापं घ्यायला मी स्टेशनवर टेप घेऊन फिरतो, त्याची आता सगळ्यांना सवय झाली आहे. परवा मी डब्याखाली वाकून स्प्रिंग मोजत होतो, तर बुधूभाऊ गार्ड हिरवी झेंडी काखेत धरून म्हणतो, 'काय डोमाभाऊ, गाडीले कपडे शिवून राह्यले का?' मी म्हटलं, 'शिवतो, पण तुमची गाडी उभी राहील तेव्हा ना. माप घेता घेताच चालू लागते.' 'चालते हेच लय झालं,' तो म्हणाला आणि शिट्टी फुंकून गेला.

तू दोन वर्षांमागं दिवाळीत ते लिलावाच्या साईटवर खातं उघडून दिलंस, तेव्हा मला वाटलं होतं, नव्याचे नऊ दिवस. पण आता करिश्माच्या सायबर कॅफेत माझी खुर्ची ठरलेली आहे. इंग्रजी मी डिक्शनरी घेऊन वाचतो, अडलं तर ती सांगते. फोटो तिच्याच कॅमेऱ्यानं काढतो. वॅगन विकली गेली की चपलेच्या दुकानातून खोका आणतो, आत जुनं वर्तमानपत्र कोंबतो, आणि बांधायला तुझ्या आईच्या हवाली करतो, कारण माझी गाठ पोस्टापर्यंतसुद्धा टिकत नाही. ती दोरी आवळते, त्यावर मेण लावते, आणि खोक्याला उगाच एकदा हात लावून पाठवून देते. एवढंच तिचं काम, असं मी समजत होतो.

तर झालं असं. यंदा पावसाळ्यात तुमच्याच पुण्याच्या खांबेटे नावाच्या गृहस्थांनी माझ्या तीन उघड्या वॅगन घेतल्या. रिटायर मास्तर आहेत, कोथरूडला राहतात, गच्चीवरच्या खोलीत त्यांनी रेल्वे मांडली आहे. वॅगन पोचल्यावर त्यांनी साईटवर माझं भरभरून कौतुक लिहिलं. करिश्मानं वाचलं आणि मला म्हणाली, 'काका, वॅगन छान हायत म्हणते. पण पोते त्याच्याहून छान, असं लिवलं.' मी म्हटलं, 'कोणते पोते?' 'मले काय माहीत. तुम्ही पाठवले ना पोते?' 'मी कुठी पोते पाठवले? मी वॅगन पाठवल्या.' दोन दिवसांनी पुन्हा निरोप, अजून पोती पाहिजेत, काय किंमत ते सांगा, शिवणसुद्धा किती हुबेहूब उठली आहे. मी कळवलं, पोती आमच्याकडे मिळत नाहीत. त्यांना वाटलं हा माणूस धंद्यातलं गुपित लपवतो. त्यांनी किंमत वाढवली! मी आणखी घाबरलो. म्हटलं, दुसऱ्याच कोणाचा माल माझ्या नावावर गेला, आता पोलिसात जातं की काय हे.

मग एके दिवशी त्यांचा लांबलचक निरोप आला, मराठीतच पण इंग्रजी अक्षरांत. करिश्मा वाचता वाचता हसायला लागली आणि तिला पुढे वाचवेना. खांबेट्यांच्या गच्चीवर उंदीर शिरला होता. त्यानं इंजिनाला हात लावला नाही, स्टेशनला लावला नाही, माझ्या तीन वॅगनमधली पोती तेवढी फोडून नेली. सकाळी मास्तर भिंग घेऊन पाहतात तर रुळांवर नुसता कोंडा पडलेला. त्यांनी लिहिलं, 'डोमाजी, तुमची पोती फोडली तर आतून खरा तांदूळ निघाला हो!'

मी सायकल मारत घरी आलो. तुझी आई अंगणात पोहे वाळवत होती. विचारलं, 'कमळा, खोक्यात तू काही टाकते काय?' 'टाकते ना,' ती म्हणाली, जसं काही मी रोज विचारतो. 'मूठभर धान टाकते.' 'अवो पण काऊन?' तर हात थांबवून माझ्याकडे पाहते. 'काऊन म्हणजे? आपल्या घरून निघून परक्या घरी जाऊन राह्यली ना ती वॅगन? लेक निघते तं तिची ओटी भरतो. तुम्ही एवढे दिवस बसून बनवलेली वस्तू खाली हातानं पाठवाची काय? तुम्हाले समजत नाई म्हून मीच टाकते.' आणि मी सांगितलं की तुझ्या मुठीचा धान तिकडे मास्तरांनी पोती समजून मालगाडीत भरला, तेव्हा तिला आधी कळलंच नाही. मी आत नेऊन वॅगनीत एक दाणा ठेवून दाखवला. आचल, खरंच सांगतो, इतकी वर्षं धानात काढूनही ते मला दिसलं नव्हतं. सत्त्याऐंशी पट लहान जगात धानाचा एक दाणा म्हणजे काठोकाठ भरलेलं पोतं. रंग गोणपाटाचा, दोन्ही टोकं आवळलेली, आणि अंगावरची रेघ म्हणजे सुतळीची शिवण. तुझी आई पदर तोंडाला लावून जी हसायला लागली ती संध्याकाळपर्यंत मधूनच हसत होती. 'एवढी मोठी पुण्याची गच्ची, अन् समजलं कोणाले, तं उंदराले!'

त्या दिवसापासून आमच्या धंद्याची मालकी बदलली. तिनं तुझ्या खोलीत येऊन पहिल्यांदाच माझी रेल्वे नीट पाहिली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, 'गाडी कोणासाठी चालून राह्यली ही? एक माणूस नाई, एक बैलबंडी नाई, मालधक्क्यावर काही माल नाई. रिकामी जाते, रिकामी येते. तुम्ही मिलमध्ये अशी एक तरी गाडी पाह्यली होती काय?' मग ती माल बनवू लागली. बांबूच्या सालीच्या काड्या कापून पेंढ्या बांधते, दोऱ्याऐवजी स्वतःच्या लुगड्याचा धागा. तेंदूपत्त्याचे पुडे करते, नखावर मावतील एवढे. जळणाच्या मोळ्या, सागाचे लठ्ठे, आणि एका वॅगनीत तर मोहफुलं म्हणून पिवळ्या मोहरीचे दाणे. साईटवर माझ्या वॅगनीचा फोटो टाकला की आता लोक विचारतात, माल सोबत आहे का? नसेल तर नको. माझ्या इंजिनाला गिऱ्हाईक मिळत नाही आणि तिच्या मोळ्या चेन्नईला जातात! करिश्मा म्हणते, 'काका, खात्याचं नाव बदलून कमळाकाकूच्या नावानं करून टाकू का?' मी म्हटलं कर. धानाचे पैसे मात्र ती कोणाकडून घेऊ देत नाही. चिन्नोर धानाचं बारीक पोतं पाहिजे की लुचईचं मोठं, एवढं गिऱ्हाइकाला विचारते आणि मूठभर फुकट पाठवते. 'ओटीचं विकत असते काय कोणी?' इथं वाद नाही.

खांबेटे मास्तरांशी आता फोनवरही बोलणं होतं. माणूस भला आहे. त्यांची मंडळी पोळ्या लाटता लाटता लांबून आमच्या बोलण्यात भर घालतात, तेही ऐकू येतं. नवरात्राच्या सुमारास त्यांनी विचारलं, माझ्या गच्चीवरच्या रेल्वेत तुमच्या झाडीपट्टीचा एक भाग करून द्याल का? जंगल, धानाच्या बांध्या, पाण्याची बोडी, मालधक्का, सगळं. तुम्ही उभयता या, खाली एक खोली रिकामी आहे, जेवणखाण आमच्याकडे, आणि कामाची मजुरी वेगळी. मी फोन हातानं झाकून तुझ्या आईला सांगितलं. 'मी कशाले जाऊ लोकाच्या घरी?' एवढं बोलून ती विहिरीवर गेली. मी मास्तरांना म्हटलं, पुढे पाहू.

मग दिवाळीत तुमचं ते फोनवरचं झालं. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशीही कामापुरतंच बोलत होती. एका दुपारी मी चाकाला तेल घालत होतो, तर दारात उभी राहून म्हणाली, 'खांबेट्याच्या घरून आचलचं घर किती दूर पडते?' मी तिच्याकडे पाहिलं. ती नागभीडच्या स्टेशनकडे पाहत होती, म्हणजे टेबलावरच्या. मी सायकल काढून थेट करिश्माकडे गेलो. नेटवर आता वरून घरं दिसतात, तुमच्या इमारतीची पाण्याची टाकीसुद्धा दिसली. कोथरूडहून वारजे म्हणजे आपलं घर ते तळोधीचा फाटा, तेवढंच जवळपास. घरी येऊन सांगितलं. तिनं बोटांवर काही मोजलं आणि म्हणाली, 'पावणी म्हून जेवलं तं ते लेकीच्या गावचं उपकाराचं. कामावर जेवलं तं ती मजुरी. मजुरीचं खायाले कोणता नेम आडवा येते, सांगा.' मी कशाला सांगतो! मी म्हटलं, 'कोणताच नाई.' 'मंग फोन लावा त्या मास्तराले. अन् सांगा, लवकर होणार नाई. बांध्या वाळाले टाइम लागते.' बांधी प्लास्टरची, वाळायला एक दिवस लागतो. पण तिनं ठरवलं आहे की पुण्याच्या हवेत माघ संपेपर्यंत वाळणार नाही.

तेव्हा बाई माझे, आम्ही येतो आहोत. संक्रांत झाली की निघायचं, इथून छोटी गाडी आणि नागपूरहून पुण्याची, तिकिटं काढून झाली. तुझ्या आईनं तुझ्या खोलीचा अर्धा भाग सामानानं भरून टाकला आहे. रानतुळशीच्या वाळलेल्या काड्या झाडांसाठी, हिरवा रंगवलेला भुसा, बोडीच्या काठची माती, बांबू. अंगणातल्या तुळशीच्या काड्या घे असं मी सुचवलं तर माझ्यावर सूप उगारलं. आणि या सगळ्याच्या मधोमध एक गाठोडं आहे, त्यात जुन्या मऊ लुगड्यांच्या घड्या आहेत. मी विचारलं, 'हे कोणत्या झाडासाठी?' तर म्हणाली, 'तुम्ही आपलं चाकाले तेल घाला.'

येत्या रविवारी ती स्वतः तुला फोन करून सांगेल, पुण्याला कामानं जाऊन राह्यलो, जमलं तं तुझ्याकडे डोकावतो. तू नव्यानं ऐकल्यासारखं कर. रागानं बोललीस तरी चालेल, पण 'मग माझ्याकडेच उतर' असं म्हणू नकोस, मोठ्या कष्टानं तिनं ही वाट काढली आहे. विहीणबाईंना मात्र आधी विश्वासात घे. लेकीच्या गावात येऊन व्याही परक्याच्या घरी उतरतात, हे कोणालाही लागेल. त्यांना सांग, तुमच्या घराचा मान कमी म्हणून नव्हे. आणि वाटलं तर मला दोष द्या, म्हणा, त्या म्हाताऱ्याला रेल्वेचं वेड आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. ती रोज खांबेट्यांकडून जेवून तुझ्याकडे येईल, तुझे पाय चेपील, डोक्याला तेल लावील, स्वयंपाकघरात शिरून तुझ्यासाठी काहीबाही करील. तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवू नकोस आचल, आणि चहाचं तर नावही काढू नकोस. मागल्या वर्षी, त्या पहिल्या खेपेला, तुला तिसरा लागला होता आणि ती दोन दिवस तुझ्याकडे आली होती. सोबतच्या दशम्या खाल्ल्या, बाटलीतलं पाणी प्यायली. निघताना तू रडवेली झालीस, 'आई, एक घोट तरी घे माझ्या हातचा.' तिनं बशीत ओतून अर्धा कप चहा घेतला. तुला केवढा आनंद झाला होता, तूच मला फोनवर सांगितलंस. पंधरवडा गेला नाही तोच भूपेशरावांचा तो वाईट बातमीचा फोन आला. त्या दिवसापासून तुझी आई चहा पीत नाही. तुला सांगितलं की पित्त होतं. मला एकदाच बोलली, कोठीजवळ पाठमोरी उभी राहून, 'मी तोंड लावलं अन् लेकीचं गेलं.' मी तिला ब्रह्मपुरीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चित्र काढून समजावलं की अशा गोष्टीला चहा, पाणी, नेम, काही कारण नसतं. तिनं मान डोलावली, त्यांना नमस्कार केला, आणि बस स्टँडवर मी चहा सांगितला तर पेला माझ्याकडे सरकवला. भीती समजावून जात नाही गं. तुला वाटतं तिला नेम मोठा. नेम तर तिनं तुझ्यासाठी एकदा मोडला होता, म्हणून तर आता इतकी धास्तावली आहे. तू आग्रह केलास तर ती तुला नाही म्हणू शकायची नाही, आणि हो म्हणाली तर माघापर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. तेवढं या आग्रहातून तिला सोडव. बाळ तुझ्या कुशीत आलं की मग हवा तेवढा आग्रह कर, तेव्हा मीही पाटावर बसेन.

मी तुला हे सांगितलं ते तिला कळू देऊ नकोस. आणि उत्तर लवकर लिही. पत्र घरी येईल आणि तुझी आई चष्मा लावून माझ्याआधी वाचील, म्हणून त्यात यातलं एक अक्षर नको. कोथरूडहून वारज्याला तुमच्या घराजवळ कोणती बस येते, एवढंच लिहून पाठव. तिला बस कळेल, मला बाकीचं कळेल.

तुझाच,
बाबा